पुराव्यापुरता फोटो

आमच्या आक्षीच्या पुळणीवर कुठला पक्षी उतरलाय, हे शाबीत करायला एके काळी बंदूक लागायची. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेले ॲलन ह्यूम पक्ष्यांची कातडी जमवत. साठ हजारांवर कातडी त्यांनी 1885 साली ब्रिटिश म्युझियमला दिली. दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने केलेली यादी 1880 मध्ये ह्यूम यांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली गेली. कापूस भरलेला, पायाला चिठ्ठी बांधलेला पक्षी, हा तेव्हाचा पुरावा.

इथून जवळच, किहीमला, 1930 साली सलीम अलींनी सुगरणीच्या वसाहतीसमोर बसून नुसत्या नजरेने जे टिपलं, ते कुठल्याही कातड्यातून कळलं नसतं. अर्थात, पुढच्या सर्वेक्षणांत बंदूक त्यांच्याही हाती होतीच. 1959 पासून त्यांच्या देखरेखीखाली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं मोठं काम हाती घेतलं आणि पकडलेला पक्षी जिवंत सोडण्यातही शास्त्र आहे, हे रुजलं. 1972 च्या कायद्याने शिकारीला वेसण घातली, 1991 च्या दुरुस्तीने ती जवळपास बंदच केली. मग साक्षीला उरला कॅमेरा.

माझ्या फिल्मच्या काळात रोल छत्तीस फोटोंचा. सुकतीला पाखरं पार लांब चिखलात, लेन्सच्या आवाक्याबाहेर. त्यामुळे उधाणाचा दिवस बघायचा, भरती चढायच्या आधी सूर्य पाठीशी घेऊन वाळूत पालथं पडायचं. पाणीच पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं.

ग्रेट नॉट मला असाच मिळाला, चिखल्यांच्या थव्यात एकटा. ईशान्य सायबेरियात वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यात बहुतांशी ऑस्ट्रेलियाला जातो. आपल्या बाजूला थोडेच येतात. वाटेत पिवळ्या समुद्राच्या चिखलावर तो पोट भरतो. तिथे दक्षिण कोरियाने 2006 मध्ये 33 किलोमीटरचा बांध घालून सेमांगमच्या खाड्या अडवल्या आणि ग्रेट नॉटची संख्या झपाट्याने घसरली. आज तो जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे. म्हणून आक्षीतल्या एका पक्ष्याची नोंदही मोलाची.

त्या दिवशीचा माझा सुंदर फोटो निरुपयोगी ठरला: पाण्यात प्रतिबिंब, सोनेरी ऊन, पण चोच पिसांत खुपसलेली. कामी आला तो उडतानाचा हललेला फोटो. त्यात पांढुरकं शेपूटमूळ आणि किंचित खाली झुकलेली लांब चोच दिसते. हल्लीची पोरं “काका, सेटिंग काय ठेवलं होतं?” विचारतात. मी सांगतो, आधी पायांचा फोटो घ्या. पायात रंगीत पट्टी असली आणि तिच्यावरची अक्षरं वाचता आली, तर तो पक्षी कुठे पकडला होता ते कळतं; पुढे दुसऱ्या कुणी दुसऱ्या किनाऱ्यावर तीच पट्टी टिपली, की प्रवासाचा आणखी एक टप्पा हाती लागतो. ह्यूमच्या कपाटातल्या पक्ष्याचा प्रवास मात्र चिठ्ठीवरच्या गावीच संपलेला असे.