गोळ्या-खेळण्यांचे नाणेयंत्र : लाइनसाठी निवड

नाणे घालून मूठ फिरवली की बरणीतल्या सुट्या गोळ्या किंवा डबीबंद छोटे खेळणे खालच्या झडपेत सोडणारे, विजेशिवाय चालणारे यंत्र. एकाच मालकाची अशी यंत्रे अनेक दुकानांत असली आणि तो ठरल्या दिवशी फिरून माल भरत, गल्ला काढत असला, तर त्या फेरीला ‘लाइन’ म्हणता येईल; बिस्किटांच्या सेल्समनची असते तशीच. दुसरबीड (ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा) हे जुन्या मुंबई–नागपूर रस्त्यावरचे बाजाराचे गाव. किनगाव राजा, सिंदखेड राजा, बीबी, सुलतानपूर, मेहकर अशी लाइन इथून बसवायची तर यंत्र कोणते घ्यावे, हा या नोंदीचा विषय. मॉलमधले निकष इथे उपयोगाचे नाहीत. इथे यंत्राची पारख बरणीपासून नव्हे, नाण्यापासून सुरू करावी लागते.

पूर्वपीठिका : नाणे घेऊन वस्तू देण्याची युक्ती जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातले तीर्थ नाण्यावर देणाऱ्या यंत्राचे वर्णन केले. गोळ्यांच्या धंद्यात ती 1888 मध्ये आली. त्या वर्षी टॉमस ॲडम्सच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर ‘तुत्ती-फ्रुत्ती’ च्युइंगमची यंत्रे लावली. जपानमध्ये डबीबंद खेळण्यांची यंत्रे 1965 मध्ये अमेरिकेतून गेली. 1977 मध्ये बांदाई कंपनी या धंद्यात उतरली. इतरांची यंत्रे तेव्हा वीस येनवर चालत होती. बांदाईने शंभर येनचे नाणे धरले आणि त्या किमतीला शोभेल असे खेळणे दिले. हा निर्णय पुढे दहा रुपयांच्या नाण्याच्या संदर्भात आठवावा.

महाराष्ट्रात या यंत्राची दोन नातलग यंत्रे लोकांच्या चांगल्या ओळखीची आहेत. एक, रेल्वे फलाटावरचे लुकलुकत्या दिव्यांचे वजनाचे यंत्र. रुपया टाकला की वजन आणि भविष्य छापलेले पुठ्ठ्याचे तिकीट पडे, मागे नट-नटीचा फोटो असे. दुसरे, पानटपरीवरचा ‘कॉइन बॉक्स’ फोन. जागा दुकानदाराची, यंत्र दुसऱ्याचे, दुकानदाराला कमिशन, ही सारी व्यवस्था त्या फोनने गावोगाव शिकवली. मोबाइल आला आणि फोन गेले. तरी काउंटरचा कोपरा वाटणीवर देण्याची गोष्ट दुकानदाराला नव्याने समजावावी लागत नाही.

नाणे : यंत्राचे काळीज म्हणजे मुठीमागची नाणेचकती. तिच्या खाचेत नाणे बसते. मूठ फिरताना स्प्रिंगवरची एक जिभली चकतीच्या कडेवरून सरकते. खाच रिकामी असेल किंवा नाणे लहान असेल, तर जिभली आत पडते आणि मूठ अडते. या यंत्राला नाण्यावरचा आकडा वाचता येत नाही, धातू ओळखता येत नाही. त्याला कळतो तो व्यास आणि काहीशी जाडी. आपली अडचण नेमकी इथे आहे. एका किमतीची निरनिराळ्या मापांची नाणी एकाच वेळी चलनात असतात.

रुपयाचे 1992 च्या मालिकेतले नाणे 25 मिमी, 2011 चे 22 मिमी, 2019 चे 20 मिमी. दोन रुपयांचे 2011 चे नाणे 25 मिमी आणि 4.85 ग्रॅम, म्हणजे व्यासाने आणि वजनाने थेट जुन्या रुपयाएवढे. पाच रुपयांचे नाणे बरीच वर्षे 23 मिमीचे होते, 2019 च्या मालिकेत ते 25 मिमी झाले. आणि त्याच मालिकेत दोन रुपयांचे नाणे 23 मिमीवर आले. चकती 23 मिमीची बसवली तर नवे पाच रुपये आतच जात नाहीत, आणि नवे दोन रुपये जुन्या पाचाच्या जागी बसू पाहतात. ते पातळ आहे खरे, पण झिजलेल्या जिभलीपुढे जाडीच्या फरकावर भरवसा ठेवून धंदा करू नये. चकती 25 मिमीची केली तर जुना रुपयाही पाचाच्या खाचेत बसायला येतो.

उरते दहाचे नाणे. दोन धातूंचे हे नाणे पहिल्यापासून 27 मिमीचे आहे, वजन 7.71 ग्रॅम, नव्या मालिकेत 7.74. नक्षी कितीही बदलली तरी माप हलले नाही. वीस रुपयांचे बारा कडांचे नाणेही 27 मिमीचेच आहे, पण ते चुकून पडले तर तोटा मालकाचा होत नाही. गिऱ्हाइकाला दहा परत करण्याची तयारी मात्र ठेवावी. तेव्हा यंत्रासाठी देशातले सर्वांत भरवशाचे नाणे दहाचे. आणि ‘हे चालत नाही’ म्हणून दुकानदार परत करतो तेही दहाचेच. नक्षी वेगवेगळी असल्यामुळे खोट्या नाण्यांची अफवा पसरली होती. जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदाही नक्ष्यांची दहाची नाणी वैध असल्याचे जाहीर केले. तरी विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येक दुकानांत ती अजून नाक मुरडून घेतली जातात. लाइनवाल्याने ही अढी आपल्या पथ्यावर पाडून घ्यावी. घरात अडकून पडलेले नाणे बिनतक्रार घेणारे गावातले एक ठिकाण म्हणजे हे यंत्र.

दुसरा मार्ग टोकनचा. हल्ली पोरांच्या हाती नाणेच कमी येते. आई-बाप क्यूआर कोडवर पैसे देतात. दुकानदाराने त्याच पैशात टोकन द्यायचे आणि पोराने मूठ फिरवायची. एकाच मापाचे टोकन असले की चकतीची सगळी भानगड मिटते, दोन-पाच रुपयांचा मालही विकता येतो. मात्र पैसा आधी दुकानदाराकडे जमतो, म्हणून टोकन मोजून द्यावीत आणि मोजून घ्यावीत.

परदेशातून आलेले जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. अमेरिकी यंत्राची चकती बहुधा तिथल्या क्वार्टरसाठी, म्हणजे 24.26 मिमीच्या नाण्यासाठी असते. विकणाऱ्याकडे 27 मिमीची चकती वेगळी मिळते का, हे आधी विचारावे. मिळत नसेल तर सौदा तिथेच थांबवावा. कानस मारून खाच मोठी केलेली चकती चार दिवस चालते आणि मग भर गर्दीत अडकते.

बांधणी : इलिनॉयमधल्या मॉरिस गावची नॉर्थवेस्टर्न ही 1909 पासूनची कंपनी या यंत्रांतले जुने नाव, तिथल्या लाइनवाल्यांत तिची ओतीव धातूची यंत्रे टिकाऊ म्हणून ओळखली जातात. यंत्र कोणाचेही असो, पाहायचे तेच आहे. मुठीचे आणि चकतीचे दात धातूचे हवेत. बरणी काचेची नको, पॉलिकार्बोनेटची हवी. कुलूप नळीच्या किल्लीचे असावे आणि साऱ्या लाइनला एकच किल्ली लागावी. स्टँडचा तळ बिडाचा, जड. पोर लोंबकळले तरी यंत्र कलता कामा नये. एका स्टँडवर तीन बरण्यांचे प्लास्टिकचे यंत्र दिसायला भरगच्च आणि किमतीला हलके असते, म्हणून नवखा माणूस त्यालाच भुलतो. त्यातले प्लास्टिकचे दात उन्हात ठिसूळ होतात आणि एक कप्पा बिघडला की तिन्ही बंद असल्यासारखे वाटतात. त्यापेक्षा एकेरी धातूची दोन यंत्रे शेजारी ठेवलेली बरी.

खरेदीपूर्वी एक चाचणी आवर्जून करावी. नवी-जुनी, चेपलेली, तेलकट अशी दहाची पन्नास नाणी घेऊन ती सगळी ओळीने घालावीत आणि मूठ मुद्दाम अर्ध्यावर थांबवून उलटी फिरवावी. पोरे हेच करणार आहेत. अडकलेले नाणे स्क्रूड्रायव्हरशिवाय निघत नसेल, तर बीबीच्या दुकानात अडकलेले नाणे काढायला दुसरबीडहून माणूस पाठवावा लागेल, आणि त्या फेरीच्या पेट्रोलात आठवड्याचा नफा जाईल.

माल : बुलढाण्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात साखरेला पाणी सुटते. त्यामुळे जेली आणि चॉकलेट बाद. कागदात पीळ देऊन गुंडाळलेली गोळी बरणीखालच्या, माल सोडणाऱ्या चाकीत चालत नाही; कागदाची शेपटी फटीत अडकते. रावळगाव किंवा पार्लेच्या गोळ्या गावाला कितीही ओळखीच्या असल्या तरी त्या दुकानाच्या बरणीतच शोभतात. यंत्राला साखरेचे कडक कवच असलेला गोल माल लागतो : बबलगमचे गोळे, रंगीत बडीशेप गोळ्या. साखरफुटाणे मोहात पाडतात, पण त्यांचा आकार सारखा नसतो आणि भुगा चाकीखाली साचतो. खारे शेंगदाणे तर नकोतच. तेलाने बरणी धुरकटते आणि माल खवट होतो. जिजामाता सहकारी साखर कारखाना याच दुसरबीडचा. तो बंद पडून वर्षे लोटली, आता गोळ्यांची साखर दुरून येते. मुंग्या मात्र इथल्याच. मुंग्यांच्या खडूची रेघ स्टँडभोवती जमिनीवर ओढावी, यंत्राला खडू लावू नये.

सुटा खाद्यमाल विकायचा तर 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. गोळ्यांच्या मूळ खोक्याचा फोटो काढून ठेवावा आणि मालाची अखेरची तारीख यंत्रावर चिकटवावी. शिवाय 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त साखर, मीठ वा चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. म्हणजे नवख्याला जी जागा पहिली सुचते तीच गोळ्यांसाठी वर्ज्य.

खेळणी : दहाच्या नाण्याचा खरा जोडीदार खेळणे आहे. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. घाऊक बाजारात किलोवर मिळणारा बिनचिन्हाचा माल स्वस्त पडतो, पण तो विकणे बेकायदेशीर आहे. धोका डबीचाही असतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात जाईल अशी वस्तू ओळखायला 31.7 मिमी व्यासाची तपासणी-नळी वापरतात. लहान यंत्रांतली एक इंची डबी त्या नळीत सहज मावते. म्हणून दोन इंची डबीचेच यंत्र घ्यावे. बरणीत डब्या कमी मावतात आणि फेऱ्या वाढतात, तरीही. उसळणारे चेंडू ठेवायचेच तर तेही 45 मिमीच्या पुढचे.

जागा आणि गल्ला : डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि लांब पल्ल्याची बरीच वाहने जुन्या रस्त्यावरून तिकडे वळली. आता जुन्या रस्त्यावरच्या ढाब्यापेक्षा जिथे पोराला घेऊन माणूस थांबून राहतो ती जागा सरस : केशकर्तनालय, दवाखान्याशेजारचे औषधाचे दुकान, पिठाची गिरणी, बसथांब्याचे हॉटेल. सिंदखेड राजाच्या 12 जानेवारीच्या जिजाऊ जन्मोत्सवाला लाखो लोक येतात, होळीच्या सुमारास याच जिल्ह्यातल्या सैलानीची यात्रा भरते. पण यंत्रे तिथे वाहून नेण्यात हशील नाही. यात्रेत खेळण्यांच्या पालांपुढे मुक्या यंत्राकडे कोण बघतो?

दहाची हजार नाणी म्हणजे दहा हजार रुपये आणि पावणेआठ किलो वजन. कायद्याने नाण्यांत एका वेळी हजार रुपयांपर्यंतचीच रक्कम घेणे घेणेकऱ्याला बंधनकारक करता येते, त्यामुळे माल देणारा घाऊक व्यापारी पोते नाकारू शकतो. बँकांनी नाणी स्वीकारावीत असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्या करून नेल्या की मोजणीवरून कुरकुर होत नाही. गल्ला दुकानदारासमोर उघडावा, त्याचा हिस्सा तिथेच द्यावा, आकडा यंत्राच्या झाकणाआत चिकटवलेल्या कार्डावर लिहून दोघांनी सही करावी. लागोपाठ तीन फेऱ्यांत कार्डावरचा आकडा पेट्रोल आणि मालाच्या वर गेला नाही, तर यंत्र बदलण्याआधी दुकान बदलून पाहावे.