साबण कातडी का फाडतो?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एकीने हात पुढे केले. भांडी घासून पेरांना भेगा पडलेल्या, पिठात मीठ कालवलं तरी डोळ्यांत पाणी. म्हणाली, "साबण मळ काढतो ते ठीक, पण कातडी का फाडतो?" त्याचं उत्तर द्यायला जरा मागे जावं लागेल.

साबणाआधी आपल्याकडे रिठा, शिकेकाई आणि डाळीचं पीठ होतं. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्यानं पाण्याला फेस येतो. सोनार त्यात दागिने उजळतो, रेशमी लुगडी त्यातच धुतात, कारण त्यात सोड्याचा खार नसतो. म्हणून आजीचं सगळंच सौम्य, असं मात्र मी म्हणणार नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलेल्या पोरीला विचारा!

1888 साली कोलकात्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या आणि विलायती वडी हळूहळू घरोघरी शिरली. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांचा साबण बनतो. वास गुलाबाचा असो की चंदनाचा, त्याचं पाणी खारच, पीएच 9 ते 10. आपली कातडी उलट किंचित आंबट, पीएच 5 च्या आसपास. 1928 मध्ये शाडे आणि मार्किओनिनी या जर्मनीतल्या डॉक्टरांनी या आंबट थराला कातडीचं आवरण म्हटलं. साबण मळाबरोबर कातडीचं तेलही नेतो आणि हे आवरण बिघडवतो. धडधाकट कातडी काही तासांत सावरते. तान्ह्या बाळाची, इसबाची किंवा दिवसातून दहादा भिजणाऱ्या हातांची कातडी सावरायच्या आत पुन्हा धुतली जाते.

पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा साबणाविना मळ काढणारी रसायनं शोधली गेली. पुढे अशी बरीच निघाली, त्यातली काही साबणाइतकीच कडक. मग खोबरेलातल्या आम्लांपासून सोडियम कोकोइल आयसेथिओनेट बनलं. 1957 मध्ये अमेरिकेत त्याची डव्ह वडी आली. दिसायला साबण, पण पाणी जवळपास खार नसलेलं. शिवाय ते रसायन कातडीत कमी शिरतं, म्हणून कोरडेपणा आणि जळजळ कमी.

भांड्यांची वडी मात्र तेलकट तव्यासाठी बनते, हातांसाठी नाही. आमची मैत्रीण आता वडी घासणीला लावते, शेवटी हात साध्या पाण्यात नीट धुते आणि ओलसर असतानाच खोबरेल चोळते. भेगा भरत आल्यात. एका बोटातून पाणी येत होतं, ते तिने डॉक्टरांना दाखवलं.