डबा कोणाचा, किल्ली कोणाची?

पोस्ट लांब आहे, पण सवडीने वाचा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण मुद्दा आपल्या म्हणजे जनतेच्या पैशाचा आहे.

मागच्या महिन्यात लाखनी तालुक्यातल्या एका शाळेत बातमीसाठी गेलो होतो. तिथं कपाटावर टीव्हीला जोडायचे काही डबे धूळ खात पडलेले दिसले. सर म्हणाले, "वॉरंटी संपली अन् डबे बसले. कंपनीचा माणूस आज येतो, उद्या येतो करून राहिला." डेडस्टॉक रजिस्टरवर सही करून वेगवेगळ्या खरेदीतले दोन डबे भंडाऱ्याला आणले आणि ओळखीच्या मेकॅनिकला दिले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "भाऊ, मशीन दोन्ही चांगल्या आहेत. आतली मेमरीची चिप गेली. एक डबा मी पेनड्राइव्हवरून चालू केला. दुसरा ऐकतच नाही, त्याला कंपनीनं कुलूप लावलंय."

या कुलपामागे वीस-बावीस वर्षांचा इतिहास आहे, तोच सांगतो.

वायफायचा राउटर, सेट-टॉप बॉक्स, शाळेतला टीव्हीचा डबा हे सगळे छोटे कॉम्प्युटरच आहेत. त्यातल्या पुष्कळशांच्या आत लिनक्स असतं. डबा चालू केला की आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणतो. मग कर्नल बाकीच्या फायली शोधतो. या फायली बहुतेक वेळा आतल्या फ्लॅश चिपवर असतात. ही चिप लिहून-पुसून झिजते. ती गेली की बाकी सगळं धडधाकट असूनही डबा मेला. अशा वेळी फायली बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवल्या आणि बूटलोडरला तिकडं बघायला सांगितलं, तर डबा पुन्हा उठतो.

लिनक्स आलं १९९१ मध्ये. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं ते लिहिलं आणि पुढं जीपीएल या परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. परवान्याची अट अशी, की हे सॉफ्टवेअर वापरून वस्तू विकाल तर त्याचा सोर्स कोड गिऱ्हाइकाला द्यावा लागेल. २००३ मध्ये लिंकसिस कंपनीच्या एका राउटरमध्ये लिनक्स आहे, हे लोकांनी शोधून काढलं. मागणी झाली आणि कंपनीला कोड द्यावा लागला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला.

त्याच वर्षी लिंकसिसनं एनएसएलयू-२ नावाचा डबा काढला. यूएसबी डिस्क नेटवर्कला जोडायची, एवढंच त्याचं काम. रॅम ३२ एमबी, आतली फ्लॅश फक्त ८ एमबी. हौशी लोकांनी एकत्र येऊन त्याच्यासाठी 'अनस्लंग' नावाची सिस्टीम बनवली. कर्नल आतल्या चिपवरच ठेवला आणि बाकी सगळा संसार यूएसबी डिस्कवर हलवला. आठ एमबीची अडचणच संपली. लोकांनी त्या एवढ्याशा डब्यावर वेबसाइटी चालवल्या.

यात एक गोम आहे, आमच्या मेकॅनिकलाही ती लागली. यूएसबी डिस्क ओळखायला काही सेकंद लागतात, कर्नलला तेवढा धीर नसतो. डिस्क दिसली नाही की तो तिथंच मान टाकतो. मग त्याला 'रूटवेट' अशी सूचना द्यावी लागते, म्हणजे डिस्क येईपर्यंत थांब.

आता महाराष्ट्रात या. 'दर मुलाला एक लॅपटॉप' ही निकोलस नेग्रोपोंटे यांची योजना केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्ये नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावातल्या छोट्या शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचलेच. आत लिनक्स आणि एक जीबी फ्लॅश. यूएसबी पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम भरायची सोय होती. पण चोरी होऊ नये म्हणून कुलूपही होतं, योजनेच्या सहीची सिस्टीम नसेल तर मशीन ती चालवत नसे. मात्र मागितली तर किल्ली फुकट मिळायची. ती पेनड्राइव्हवर ठेवली की तुम्हाला हवी ती सिस्टीम चालवा. मला हे महत्त्वाचं वाटतं. कुलूप लावायला हरकत नाही, पण किल्ली मालकाला मिळाली पाहिजे.

पुढं ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते आकाश-२ टॅबलेट आला. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडला. त्यात अँड्रॉइड होतं. प्रकल्प आयआयटी मुंबईकडे होता. तिथल्या गटानं यूएसबीऐवजी मेमरी कार्डवरून त्याच टॅबवर पूर्ण लिनक्स चालवून दाखवलं. कार्ड घातलं की लिनक्स, काढलं की अँड्रॉइड. बाहेरून शिरायचं दार उघडं होतं म्हणूनच हे जमलं.

मग आमचा दुसरा डबा का उठत नाही? कारण सोर्स कोड दिला तरी बूटलोडरला कुलूप घालता येतं. २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. घरगुती वापराच्या वस्तूंसोबत किल्लीही द्या, अशी अट तिच्यात आहे. पण लिनक्सचा कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. टोरवाल्ड्सना ती अट पटली नव्हती. त्यामुळं कंपनी कोड देऊन कुलूप कायम ठेवू शकते. सुरक्षेसाठी कुलूप लागतं हेही खरं आहे. पण वॉरंटी संपल्यावर कंपनी फिरकत नसेल, तर ते कुलूप कोणाच्या सुरक्षेसाठी?

परवाना बदलणं आपल्या हातात नाही, टेंडर आपल्या हातात आहे. झेडपी, नगरपरिषद, ग्रामपंचायत जिथं कुठं असे डबे घेतात, तिथं तीन ओळी टाका. एक, डबा बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरून चालू झाला पाहिजे. दोन, बूटलोडरचा पासवर्ड किंवा किल्ली खरेदीदाराच्या ताब्यात राहील. तीन, मूळ सिस्टीमची प्रत पेनड्राइव्हवर भरून डब्यासोबत मिळेल.

पहिला डबा शाळेत परत गेला, मागं पेनड्राइव्ह लावून चालू आहे. दुसरा माझ्या टेबलावर पडला आहे. तुमच्या गावातल्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत असे डबे पडून असतील तर खाली लिहा. किती आहेत, कधी घेतले, कुलूप आहे का. आकडा जमला की पुढच्या सभेआधी निवेदन देऊ.