उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण मराठीत रूढ आहे. ही बारा वर्षांची मुदत अवघ्या तीन महिन्यांवर आणण्याचे कार्य होळकरांच्या इंदूर नगरीत घडले आणि 'इंदूर पद्धत' या नावाने ते जगभर पोहोचले.

1924 मध्ये इंदुरास वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. दरबाराने जमीन दिली आणि संचालक म्हणून आल्बर्ट हॉवर्ड हे शास्त्रज्ञ आले. त्यापूर्वी बिहारातील पुसा येथे त्यांनी गव्हावर संशोधन केले होते. येथे त्यांच्यापुढे कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची अडचण उभी होती. विकतचे खत त्याच्या ऐपतीबाहेरचे, आणि घरचे शेण गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जाई. मग जमिनीला द्यावयाचे काय?

उत्तर शेतातच पडले होते. पऱ्हाट्या, तुराट्या, तण, पालापाचोळा यांना तोटा नव्हता. परंतु हा कचरा कच्चाच जमिनीत गाडला तर लाभाऐवजी हानी होते. त्यात कर्ब विपुल आणि नत्र थोडे असते. तो कुजविणारे सूक्ष्म जीव उणे पडलेले नत्र मातीतून ओढून घेतात आणि उभे पीक उपाशी राहते. तेव्हा कुजण्याची क्रिया शेताबाहेर उरकणे इष्ट, हे ओघानेच आले.

यासाठी वापरलेली साधने अगदी साधी होती. टणक पऱ्हाट्या वाटेवर अंथरीत. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. तो गोठ्यात जनावरांखाली पसरीत. मग उथळ खड्ड्यात कचरा, थोडे शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि आंबटपणा मारण्यासाठी लाकडाची राख यांचे थर रचून पाणी शिंपडीत. प्रथम बुरशी कामास लागे, मागाहून जंतू. ढीग आतून 65 अंश सेल्सियसच्या आसपास तापे. आत हवा खेळावी म्हणून तो तीन वेळा वरखाली करीत. तीन महिन्यांत त्याचे काळसर, भुसभुशीत खत होई.

या प्रयोगांत हॉवर्ड यांचे सहकारी होते रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड. 1931 मध्ये दोघांच्या नावाने या विषयावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. हॉवर्ड यांनी चीनमधील शेतकऱ्यांच्या जुन्या रीतीचे ऋण मानले; शेतकरी आणि पिकांवरील कीड हेच आपले अध्यापक, असे ते म्हणत. 1935 मध्ये इंदुरास आले असता महात्मा गांधींनीही ही संस्था पाहिली.

शेण थोडे असले तरी विरजणासारखे वापरून कचऱ्याच्या मोठ्या राशीचे खत करता येते, हे या पद्धतीचे मर्म होय. जी काडी बांधावर जाळली जाते, तिच्यातील नत्र धुरावाटे निघून जाते. जी खड्ड्यात पडते, ती पुढच्या हंगामात कणसाच्या रूपाने घरी परतते.