डब्यातून वाटीत

गेल्या महिन्यात लेकीचं वजन केलं तेव्हा काटा ७.४ किलोवर थांबला होता. या महिन्यात केलं... ७.४. डॉक्टरीणबाईंनी काट्यावरचं कापड सारखं केलं, तिला उचलून परत ठेवलं. ७.४. नऊ महिन्यांच्या मुलीचं वजन महिनाभर जागचं हललं नाही ही काही चांगली बातमी नव्हे, एवढं माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यालाही कळतं.

"खायला काय काय देता?" त्यांनी विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. "सगळं घरचं! डब्यातलं सीरियल पूर्ण बंद केलंय." आणि मग मी मोठ्या अभिमानाने यादी वाचली. डाळीचं पाणी, भाताची पेज, गाजर-दुधीचं सूप. सगळं ताजं, सगळं गाळून घेतलेलं.

"म्हणजे पाणीच देताय की," बाई म्हणाल्या.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर गणित मांडून दाखवलं. बाळाचं पोट साधारण किलोमागे ३० मिलिलीटर, म्हणजे हिचं झालं सव्वादोनशेच्या आत. या वयात आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला ३०० कॅलरीच्या आसपास हव्यात. आता त्या इवल्याशा पोटात मी डाळपाणी ओतलं तर पोट भरतं, मुलगी तोंड फिरवते, आणि आम्ही म्हणतो "पोट भरलं हो बाळाचं!" पोट भरलंच होतं. पाण्याने.

बरं, डबा सोडायला कारणही तसंच होतं. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने आणि इब्फानने एक अहवाल काढला होता, की नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये वरून घातलेली साखर आहे आणि तेच उत्पादन जर्मनी-इंग्लंडमध्ये मात्र साखरेशिवाय मिळतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने रिफाइन्ड साखर नसलेले प्रकार भारतात आणले, पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. बायकोची सव्वीस आठवड्यांची रजा संपून ती कामावर रुजू झालेली, माझं घरून काम. तेव्हा वरच्या जेवणाचं खातं माझ्याकडे आलं आणि मी पहिल्याच रिलीजमध्ये हा बग घालून ठेवला.

मग काय, आमच्या जमातीचा माणूस करतो तेच केलं. दोन वीकेंड बसून वाचत सुटलो.

गोष्ट सुरू होते म्युनिकमध्ये, १८६५ च्या सुमारास. युस्टुस फॉन लीबिग हा त्या काळचा रसायनशास्त्रातला बाप माणूस. त्याच्या नातवंडाला आईचं दूध मिळेना म्हणून आजोबांनी एक कृती बसवली. गव्हाचं पीठ, तेवढंच माल्टचं पीठ, गाईचं दूध आणि चिमूटभर पोटॅशियम बायकार्बोनेट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, इथे बार्ली. मंद आचेवर हे शिजवलं की आधी खळीसारखं घट्ट होतं आणि मग, गंमत बघा, आपोआप पातळ आणि गोडसर होतं. कारण मोड येताना दाण्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं आणि ते पिठातल्या स्टार्चच्या लांबलचक साखळ्या कातरून टाकतं. लीबिगला हे आईच्या दुधाची जागा घेणारं अन्न वाटत होतं, आणि तिथे तो चुकला. १८६७ मध्ये पॅरिसमध्ये दपॉल नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने ते नवजात बाळांना दिलं आणि ती बाळं दगावली. आईच्या दुधाच्या जागी काहीही उभं करायला गेलं की त्या काळात हे असं व्हायचं. पण त्यातली माल्टची युक्ती मात्र लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

लीबिगची कृती किचकट होती. पातेलं, मंद आच, ढवळत उभं राहणं आलं. त्याच १८६७ साली स्वित्झर्लंडमधल्या व्हवे गावच्या आन्री नेस्लेने दूध, साखर आणि भाजलेल्या गव्हाच्या पावाचा चुरा एकत्र करून भुकटी बाजारात आणली. पाणी घाला, शिजवा, झालं. (साखर पहिल्या दिवसापासून आहे म्हणजे. परंपरा जपणं म्हणतात ते हेच. :-) )

पुढची उडी अमेरिकेत. १९२७ चा उन्हाळा, मिशिगन राज्यातलं फ्रिमाँट गाव. डोरोथी गर्बर ही बाई आपल्या सात महिन्यांच्या मुलीसाठी वाटाणे शिजवून चाळणीतून गाळत होती. ज्याने कुणी हे काम केलंय त्याला माहीत आहे... हात भरून येतात आणि वाटीत पडतं दोन चमचे. तिने नवऱ्याला सांगितलं, तूच करून बघ. नवऱ्याच्या घरचा भाज्या डबाबंद करण्याचा कारखाना होता! दुसऱ्या वर्षी, १९२८ मध्ये, गाळलेल्या वाटाण्याचे, गाजराचे, पालकाचे डबे पंधरा सेंटला विकायला आले, आणि जाहिरातीत एका बाळाचं कोळशाने काढलेलं चित्र. ते बाळ म्हणजे ॲन टर्नर कुक. पुढे त्या शिक्षिका झाल्या आणि २०२२ मध्ये ९५ व्या वर्षी वारल्या.

म्हणजे बघा, बाजारच्या या डब्याची सुरुवातच घरच्या चाळणीतून झाली. त्यात मला वाईट काही दिसत नाही. वाईट पुढे झालं. डबा खपवायचा तर बाळं जास्त हवीत, आणि बाळं जास्त हवीत तर ती लवकर खायला लागायला हवीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वर्षभराच्या आसपास वरचं अन्न सुरू व्हायचं. १९५० च्या दशकात ते चार-सहा आठवड्यांवर आलं. मायामीच्या सॅकेट नावाच्या डॉक्टरांनी तर १९६२ च्या पुस्तकात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सीरियल द्या असं लिहिलं. दिवसापासून. महिना नव्हे!

आणि चव? आमच्या धंद्यात कस्टमर वेगळा आणि युझर वेगळा अशी परिस्थिती आली की सॉफ्टवेअर हमखास भंगार होतं. पैसे देणारा स्क्रीन बघून खूश, वापरणारा रडतोय. इथे तर युझरला बोलताही येत नव्हतं. बाळाचा घास आई आधी चाखते, म्हणून आईच्या जिभेला बरं लागावं यासाठी त्यात मीठ आणि मोनोसोडियम ग्लुटामेट घालत होते. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांचे उंदरांवरचे प्रयोग आणि राल्फ नेडर यांची साक्ष यानंतर कंपन्यांनी ग्लुटामेट काढलं. मीठ जायला १९७० चं दशक उजाडलं. १९८० च्या दशकात तर बीच-नटने बाळांसाठी '१००% सफरचंदाचा रस' म्हणून जे विकलं त्यात सफरचंदच नव्हतं, साखरेचं पाणी आणि रंग होता. १९८७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून वीस लाख डॉलर दंड भरला.

याच काळात तिकडच्या आया परत स्वयंपाकघरात वळल्या. हाताने फिरवायचे छोटे ग्राइंडर आले, मिनेसोटाच्या विकी लान्स्कीने १९७४ मध्ये घरच्या बाळ-अन्नाचं पुस्तक काढलं. माझ्यासारखेच चिडून डबा फेकणारे लोक, फक्त पन्नास वर्षं आधी.

आपल्याकडे काय चाललं होतं? तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस म्हैसूरच्या सीएफटीआरआयने म्हशीच्या दुधापासून बाळांची भुकटी बनवायची पद्धत बसवली आणि अमूलने ती उत्पादनात आणली. बाळांचा डबा 'मेड इन इंडिया' झाला. शहरांत डबा हे सुशिक्षित घराचं लक्षण होऊन बसलं. मी १९८८ चा, आणि मी वाढलो फॅरेक्सवर. आमच्या घरी त्या डब्यात अजून मोहरी आहे. सरकारने १९९२ मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये तो कडक केला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अन्नाची जाहिरातच बंद. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्रही चालत नाही. गर्बरबाईंचा सगळा धंदा ज्या चित्रावर उभा राहिला, ते इथे बेकायदा.

तर मी आईला फोन केला. म्हटलं, डबा नको आणि डाळपाणीही नको, मग द्यायचं काय? आईने प्रामाणिकपणे सांगितलं, "अरे, मी तुला फॅरेक्सच दिलंय. शाळेची नोकरी होती माझी. आजीला विचार." म्हणजे मधली एक पिढी गळाली होती. आजी ८६ वर्षांची, चिपळूणला असते. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे हा संवाद सगळ्या सोसायटीने ऐकला. सारांश असा: नाचणी रात्रभर भिजव, फडक्यात बांध, मोड आण, सावलीत वाळव, हलकी भाज, दळ, वस्त्रगाळ कर. झालं सत्व.

मोड आण?!

लीबिग. म्युनिक. १८६५. मी खुर्चीतून उठलोच.

खरं तर मलाच उशिरा कळलं. म्हैसूरला मल्लेशी आणि देसिकाचार यांनी नाचणीच्या माल्टवर काम केलंय. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की घट्ट लापशीत मोडाच्या धान्याचं थोडंसं पीठ घातलं की ती पातळ होते. पण हे पाणी वाढवून आलेलं पातळपण नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत कितीतरी जास्त पीठ बसतं. छोट्या पोटाचा प्रश्न इथे सुटतो. आणि माझं डाळपाणी? तेही पातळच, पण उलट्या वाटेने आलेलं.

खात्री म्हणून रविवारी करून पाहिलं. तांदळाच्या पिठाची लापशी एवढी घट्ट केली की चमचा उभा राहिला. गॅस बंद केला, जरा निवू दिली, कारण उकळत्या लापशीत एन्झाइम मरतं. मग न भाजलेलं मोडाच्या नाचणीचं पीठ चहाचा एक चमचा घालून ढवळलं. चारेक मिनिटांत चमचा कलंडला. बायको बघत होती, ती म्हणाली "जादू!" मग पुन्हा एक उकळी आणली, कच्च्या पिठाचा भरवसा नको म्हणून. वरून तुपाची धार. लेकीने पहिला घास माझ्या टी-शर्टवर थुंकला, दुसरा गिळला.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही आजच डबा फेकाल. डब्यातल्या सीरियलमध्ये लोह वरून घातलेलं असतं. नाचणीत लोह थोडंफार आहे, पण पुरेसं नाही. डॉक्टरीणबाईंनी लोहाचे थेंब लिहून दिले आणि अंडं सुरू करायला सांगितलं. (हे आजीला अजून कळवलेलं नाही.) आणि सत्वाला चार दिवस लागतात. आजीच्या वेळी घरात तीन बायका होत्या, आईच्या वेळी ती एकटी होती आणि सात दहाची बस होती. आईने फॅरेक्स आणलं यात तिचं काही चुकलं असं मला आता अजिबात वाटत नाही. 'घरचं' हा शब्द उच्चारायला सोपा आहे, पण त्यात कुणाचे तरी चार दिवस असतात. सध्या ते माझे आहेत आणि माझे स्टँड-अप कॉल दळणाच्या आवाजात होतात.

काल काटा ७.६५ वर गेला. बाई फक्त "हं" म्हणाल्या.

आज शनिवार. नाचणी भिजत घातली आहे. मागच्या खेपेला फडकं फार ओलं राहिलं, मोडांना बुरशी आली आणि सगळं फेकावं लागलं. या वेळी दर सहा तासांनी फडकं बघायचा अलार्म लावलाय.