रेळेकर, नामदास, नामदेव

नामदेव दामाशेटी रेळेकर. शाळेच्या पुस्तकांत, दिनविशेषाच्या सदरांत संत नामदेवांचे ‘पूर्ण नाव’ असे छापलेले असते. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. ही मांडणी तेराव्या शतकाची नाही. शिवकाळातल्या मराठी कागदांतही बापलेकांची नावे ‘बिन’ किंवा ‘वलद’ने जोडलेली दिसतात. नाव, वडील आणि आडनाव हा ठरीव क्रम एकोणिसाव्या शतकात शाळेच्या हजेरीपटाने, खातेवहीने आणि जनगणनेने घट्ट केला. नामदेवांचे परंपरागत जन्मगाव ज्यात येते तो हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात पहिली जनगणना झाली १८८१ साली. म्हणजे नामदेवांना सहाशे वर्षांनंतरच्या रकान्यात बसवून आपण त्यांचे नाव लिहितो. त्यामुळे त्या नावाचा कोणता भाग जुन्या साधनांवर उभा आहे, ते एकदा तपासायला हवे.

परंपरेप्रमाणे जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७०. जन्मगाव म्हणून कयाधूकाठची नरसी सांगितली जाते. कऱ्हाडच्या बाजूचे नरसिंगपूर आणि खुद्द पंढरपूर यांच्या बाजूनेही अभ्यासकांनी युक्तिवाद केले आहेत. त्या वादात मी इथे शिरत नाही. मात्र आडनावाच्या प्रश्नाला तो पुढे येऊन भिडतोच.

घरच्या माणसांची सर्वांत भरगच्च नोंद जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात आहे. आई गोणाई, वडील दामा, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. लेक लिंबाई, बहीण आऊबाई आणि शेवटी दासी जनी. नामदेवांसकट पंधरा माणसांचे हे घर. त्यातल्या प्रत्येकाची ओळख नात्याने दिली आहे, आडनाव एकालाही लावलेले नाही. ‘दामाशेटी’तला ‘शेटी’ श्रेष्ठी या शब्दावरून आलेला, व्यापारउदीम करणाऱ्याला लावायचा मानाचा शब्द. तेही कुळाचे नाव नव्हे.

नामदेवांच्या अभंगांच्या गाथेला एक अडचण आहे. तिच्यात सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याच्या आणि इतरांच्या रचना मिसळल्या आहेत. त्या मानाने पंजाबचे साधन अधिक पक्के, कारण त्याला साल आहे. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला आणि त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्या पदांतला कवी स्वतःला नामा म्हणतो आणि जात सांगताना छीपा, म्हणजे कापड रंगवणारा-शिवणारा, म्हणतो. मन हा आपला मापायचा गज आणि जीभ ही कात्री, असे रूपक तो करतो. सोन्याची सुई आणि रुप्याचा दोरा त्याच्या हाती आहे. रंगवणे, शिवणे, मापणे, कापणे हे सगळे त्या पदांत आहे. रेळेकर हा शब्द नाही. नाव आणि धंदा एवढीच त्याची सही.

मग रेळेकर हे नंतर चिकटवलेलेच, असे म्हणून मोकळे व्हावे का? तशी घाई मी करणार नाही. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून माणूस ओळखण्याची रीत त्या काळी होतीच. ‘लीळाचरित्र’ सिद्ध करणारे म्हाइंभट हे महानुभाव परंपरेत सराळेकर आहेत, तर ‘शिशुपालवध’ रचणारे भास्करभट्ट बोरीकर. आणि या ‘कर’चा एक स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. बोरीत कुणी कुणाला बोरीकर म्हणत नाही. माणूस गाव सोडतो तेव्हा नव्या गावचे लोक त्याला जुन्या गावावरून हाक मारतात. दामाशेटींचे घर नरसीहून पंढरपुरी आले आणि तिथे त्यांना पहिल्यांदा आडनाव मिळाले असते, तर ते नरसीकर झाले असते. रेळेकर हे कुळनाव खरोखर जुने असेल, तर ते नरसीच्याही आधीच्या एका स्थलांतराची खूण आहे. घराणे नरसीत आले तेव्हाच ते बाहेरचे होते, असा त्याचा अर्थ होतो.

धंद्यावरून पडलेली ओळख दुसरीकडे कशी गोठली, तेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंडात शिंप्याला टेलर म्हणत. फ्रेंचांकडून आलेला हा शब्द. १३७७ ते १३८१ या काळात तिथे तीनदा डोईपट्टी बसवली गेली. त्या याद्यांत नावापुढे धंद्याचा शब्द दिसतो, आणि काही ठिकाणी माणसाचा प्रत्यक्ष धंदा त्या शब्दाहून वेगळा असतो. तिथे विशेषणाचे आडनाव झालेले असते. १५३८ पासून चर्चच्या नोंदवह्यांनी ती आडनावे कायम केली. पुढे १८५३ साली असाच एक टेलर मराठवाड्यात नळदुर्गला अधिकारी म्हणून आला. कर्नल मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक. सुईदोऱ्याशी त्याचा संबंध आडनावापुरताच उरला होता.

आपल्याकडे शिंपी हा शब्द जातीचा झाला आणि त्या जातीने आपल्या संताचेच नाव पुढे जोडले: नामदेव शिंपी. मध्य प्रदेशात तर या समाजातली कितीतरी कुटुंबे ‘नामदेव’ हेच आडनाव लावतात. पंढरपुरात नामदेवांचे वंशज नामदास या आडनावाने ओळखले जातात. गावावरून आलेली ओळख मागे पडली आणि पूर्वजाचे दास्य हेच कुळाचे नाव झाले. माझ्या मते या साऱ्या शोधातली सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. गावोगावच्या माणसांना गावाने नाव दिले, इथे उलटे घडले. नांदेड जिल्ह्यात नायगावकडे दुसरी नरसी आहे. कयाधूकाठची नरसी तिच्यापासून वेगळी ओळखली जाते ती नामदेवांच्या नावाने: नरसी नामदेव. माणसाला नरसीचा ‘कर’ लागला नाही, गावालाच माणसाचे नाव लागले.

म्हणून पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना एक विनंती. रेळेकर हे परंपरेने सांगितलेले कुळनाव आहे, असे स्वतंत्र वाक्यात जरूर लिहा. पण नाव लिहिताना दामाशेटी आणि गोणाईंचा मुलगा नामा, धंदा शिंप्याचा, एवढेच लिहा. आईवडिलांची नावे जनाबाईंच्या नावावरच्या अभंगात आहेत, आणि आदिग्रंथातल्या पदांत त्यांनी स्वतःविषयी नाव आणि धंदा एवढेच सांगितले आहे.