बोलती सूचना

बोलती सूचना : फोनवरची किंवा यंत्रातली सेवा वापरणाऱ्याला पुढे काय करायचे ते सांगणारे ध्वनिमुद्रित किंवा यंत्राने उच्चारलेले वाक्य. ‘मराठीसाठी एक दाबा’ हे तिचे सर्वांच्या ओळखीचे रूप. पडद्यावरची यादी पुन्हा वाचता येते, कानावरून गेलेले वाक्य गेले ते गेले. म्हणून आधी काम सांगायचे आणि आकडा शेवटी, हा या लेखनातला पहिला नियम. मराठीत तो आपसूक पाळला जातो, कारण ‘एक दाबा, मराठीसाठी’ असे कोणी बोलतच नाही.

विभक्ती मात्र आडवी येते. पिकांची नावे सुटी मुद्रित करून पुढे ‘चा भाव’ जोडला, तर सोयाबीन निभावते. कांद्यापाशी यंत्र ‘कांदाचा भाव’ म्हणते आणि ऐकणारा हसतो. ‘कांद्याचा’ हे रूप वेगळेच बोलून ठेवावे लागते.

बोलून बाजारभाव विचारण्याचा एक प्रकल्प २०११च्या सुमारास सहा भारतीय भाषांत झाला. मराठीची बाजू मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने व आयआयटीने सांभाळली. अशा सेवेपुढच्या अडचणी नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या उदाहरणावरून नेमक्या कळतात. सप्तशृंगी गडाजवळचे हे गाव दिंडोरी तालुक्यात येते आणि दिंडोरी बाजार समितीचा उपबाजार तिथे भरतो. यवतमाळ जिल्ह्यातही वणी आहे, तेही बाजाराचे गाव, पण कापसाचे. शिवाय नाव दोनच अक्षरांचे. फोनच्या खरखरीत ते ‘वाणी’ किंवा नुसते ‘आणि’सुद्धा वाटू शकते. तेव्हा ‘गाव सांगा’ एवढ्याने भागत नाही. ‘नाशिकचं वणी की यवतमाळचं?’ हा प्रश्न सूचनेत आधीच लिहून ठेवावा लागतो.

उत्तर देतानाही तोल सांभाळावा लागतो. सरकारी भाव क्विंटलचा असतो. टोमॅटोवाला हिशेब करतो वीस किलोच्या जाळीचा. क्विंटलला २००० रुपये ऐकून त्याला मनात पाचाने भागावे लागते, तेव्हा कुठे जाळीला ४०० हाती लागतात. हा भागाकार यंत्राने करावा, हे बरे.

आकड्यांची गोष्ट तर आणखी किचकट. सदुसष्ट-अडुसष्ट, एकोणसाठ-एकोणसत्तर या जोड्या घाईत सहज चुकतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. भाषेच्या अंगाने तो वाद रास्त असेल, पण फोनवर मोबाइल क्रमांक वाचून दाखवताना एकेक अंक सुटा म्हणणे केव्हाही सुरक्षित.

न समजल्यास तीच सूचना मोठ्या आवाजात पुन्हा ऐकवणे ही सर्वांत जुनी चूक. दुसऱ्या खेपेला शब्द बदलावेत : ‘गावाबरोबर जिल्हाही सांगा. जसं, वणी, नाशिक.’